सायकलीचें पुण्य

माणसाच्या ज्या कांहीं वस्तूंना जन्मतःच चांगुलपणाची कीर्ति लाभली आहे, त्यांत सायकलीचा क्रमांक बराच वरचा लागेल. मोटारीला धुराचा कलंक आहे, विमानाला गोंगाटाचा आहे. घोड्यावर बसणाऱ्याकडे पाहतांनाहि त्या मुक्या प्राण्याच्या पाठीचा विचार मनांत येऊन थोडी रुखरुख वाटते. सायकलस्वाराबद्दल मात्र कोणाच्याहि मनांत किंतु येत नाहीं. तो स्वतःच्या पायांनीं जातो, स्वतःचा घाम गाळतो, आवाज करीत नाहीं, धूर सोडीत नाहीं, आणि वाटेंत कोणी भेटलें तर थांबून चार शब्द बोलतोहि. असा मनुष्य सुटीच्या दिवसांत समुद्राच्या कडेकडेनें सहलीला निघाला, तर तो निसर्गाला उपद्रव देण्यास निघाला आहे असें म्हणण्याची छाती कोणाला होईल?

मलाहि ती होत नाहीं. परंतु सायकलीचा निर्दोषपणा ही एक गोष्ट आहे आणि सायकलीच्या सहलीचा निर्दोषपणा ही अगदीं दुसरी गोष्ट आहे. या दोहोंमधलें अंतर यंदाच्या चैत्रांत मला बरेंच जवळून पाहावयास मिळालें. त्याविषयीं चार शब्द लिहावे असें वाटतें.

प्रथम सायकलीची बाजू मांडतों. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ले यानें जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल तयार केली. १८८८ सालीं डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आणि त्यानंतर सायकलीच्या मूळ आकृतींत फारसा फरक करण्याची गरज कोणाला भासली नाहीं. २०११ सालीं युरोपांतील सायकलस्वारांच्या महासंघानें एक हिशेब प्रसिद्ध केला. सायकल बनविण्यांत जो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो, तो तिच्या साऱ्या आयुष्यावर वांटून दिला तर दर किलोमीटरला सुमारें ५ ग्रॅम तिच्या नांवावर पडतात. आणि पायडल मारण्यासाठीं स्वाराला जें जास्तीचें अन्न लागतें, त्यापोटीं सुमारें १६ ग्रॅम. एकूण झाले २१. त्याच हिशेबांत मोटारीच्या नांवावर दर माणशीं दर किलोमीटरला २७१ ग्रॅम मांडलेले होते. त्यांतहि ते १६ ग्रॅम युरोपांतल्या मांसाहारी जेवणाचे आहेत. भात आणि कुळथाचें पिठलें यांवर पायडल मारणाऱ्याच्या वांट्याला त्याहून कमीच यावे, असा माझा तर्क आहे.

हे आंकडे मला तोंडपाठ होण्याचें कारण माझा भाचा. तो आणि त्याचे मित्र दर वर्षीं सुटी काढून सायकलीवरून कोठेंतरी जातात, आणि परत आल्यावर आमच्याकडे जेवावयास आला म्हणजे या पुण्यकर्माचें सविस्तर वर्णन करतो. यंदा त्यानें मलाच गळ घातली. "मामा, या खेपेला तुम्ही यायचंच. पाडव्याला जोडून सहा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं मांडवा, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं रत्नागिरी. सुमारें तीनशें किलोमीटर. आम्ही दहा जण आहों. तुमचं सामानसुद्धां तुम्हांला वाहावं लागणार नाहीं. मागून टेम्पो असतो."

"टेम्पो डिझेल किती पितो रे?" मीं सहज विचारलें.

माझा भाचा इंजिनिअर आहे, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे प्रामाणिक आहे. त्यानें टेबलावरची एक लग्नपत्रिका उलटी केली आणि तिच्या पाठीवर हिशेब मांडावयास सुरुवात केली. टेम्पो दहा किलोमीटरला एक लिटर डिझेल पितो. किनाऱ्यानें जातांना ३०० किलोमीटर, आणि रत्नागिरीहून महामार्गानें रिकामा परत येतांना सुमारें ३३० किलोमीटर. म्हणजे ६३ लिटर. एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे १७० किलो. मग त्यानें दुसऱ्या बाजूला सायकली मांडल्या. दहा स्वार, ३०० किलोमीटर, दर किलोमीटरला २१ ग्रॅम; म्हणजे ६३ किलो. पेन्सिल खालीं ठेवून तो बराच वेळ त्या दोन आंकड्यांकडे पाहत राहिला. दहा तरुणांनीं सहा दिवस घाम गाळून जो हिशेब हलका ठेवावयाचा, त्याच्या पावणेतीनपट भार एकटा टेम्पो मागून आणीत होता.

टेम्पोंत असतें तरी काय, याची चौकशी मीं पुढें केली. कपड्यांच्या मोठ्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्यांचीं खोकीं, बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, आणि एक अदृश्य वस्तु: भीति. कोणी दमलें तर? कोणाची साखळी तुटली तर? या भीतीचें ओझें सर्वांत जड असतें आणि तेंच सर्वांत अनावश्यक असतें. किनाऱ्याचा हा भाग कांहीं निर्जन प्रदेश नव्हे. श्रीवर्धन, दापोली, गुहागर येथें एस. टी.चे डेपो आहेत. दमलेल्या माणसाला पुढच्या मुक्कामीं पोंचविण्यास ज्या गाड्या अशाहि धांवणारच आहेत, त्या पुरेशा आहेत. पंक्चर काढण्याचें सामान मुठींत मावतें. राहिले कपडे. सहा दिवसांना माणसाला किती कपडे लागतात, हा प्रश्न कॅरिअरला पिशवी बांधूं लागल्यावर आपोआप सुटतो. माझी सारी पिशवी सात किलोंची झाली.

टेम्पो रद्द झाला त्याबरोबर दोघांनीं आपलीं नांवेंहि रद्द केलीं. आम्ही आठ जण निघालों. आठांपैकीं सात सायकली नव्या होत्या, त्यांतल्या दोन कार्बनच्या तंतूंपासून केलेल्या आणि एका बोटानें उचलतां येतील इतक्या हलक्या. माझी सायकल पोलादी आणि माझ्या भाच्याच्या वयाची. तिची कींव करणाऱ्यांना मी एवढेंच सांगत असें कीं, ही मोडली तर कोणत्याहि तालुक्याच्या गांवचा वेल्डिंगवाला हिला सांधूं शकेल. तुमची मोडली तर तिला तेथें वैद्य नाहीं, आणि टाकून द्यावयाची वेळ आली तर भंगारवालाहि घ्यावयाचा नाहीं. नव्या सहलीसाठीं नवी सायकल घेण्यापूर्वीं जुनीला तेल घालून पाहावें, हा सल्ला रुचणारा नसला तरी पर्यावरणाच्या दृष्टीनें पहिला आहे.

या वाटेची गंमत अशी कीं, तिच्यावर खाड्या आडव्या येतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड अशा चार ठिकाणीं सायकल फेरीबोटींत घालून पलीकडे जावयाचें. मध्यें नारळी-पोफळींच्या वाड्या, मग चढ, मग सडा, मग पुन्हां उतार आणि समुद्र. मार्चअखेरचें ऊन असें कीं माणशीं दिवसाला सहा लिटर पाणी लागे. आठ माणसें, सहा दिवस, रोज सहा लिटर: म्हणजे विकतच्या लिटरच्या बाटल्या घेतल्या असत्या तर त्या २८८ झाल्या असत्या. लहान गांवांत कचरा उचलून नेण्याची सोय बहुधा नसते. तेथें टाकलेली बाटली एक तर परसांत जळते, नाहीं तर पहिल्या पावसांत पऱ्यांतून खाडीला मिळते. आम्हीं जेथें चहा घेतला तेथें पाणी मागून घेतलें. चहाच्या दुकानांतल्या माणसानें पाण्याला नाहीं म्हटल्याचें एकदांहि घडलें नाहीं. या शेवटच्या वाक्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

बागमांडल्याची खाडी ओलांडली कीं जवळच वेळास लागतें. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं गांवकऱ्यांना बरोबर घेऊन येथें सागरी कासवांचीं अंडीं राखण्याचें काम हातीं घेतलें, आणि आतां पिलें समुद्रांत सोडतात तो सोहळा पाहण्यास दुरून माणसें येतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यांत रात्रीं वाळूवर येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते आणि परत निघून जाते. सुमारें दीड-दोन महिन्यांनीं पिलें बाहेर येतात. सांपडलेलीं अंडीं कुंपणांत नेऊन ठेवतात; पण प्रत्येक खड्डा सांपडतोच असें नाहीं. आमच्यांतल्या एका उत्साही गृहस्थांना अस्तमानीं पुळणीवरून सायकल पळविण्याची हौस होती. त्यांना एवढेंच सांगावें लागलें कीं, ओहोटीच्या वेळीं ओल्या, घट्ट वाळूवरून जा. वरच्या कोरड्या वाळूंत चाक घालूं नका, आणि अंधार पडल्यावर दिवा लावून तेथें मुळींच फिरूं नका. पिलें पाण्याकडच्या उजेडाच्या अनुरोधानें समुद्र शोधतात. दुसरा उजेड दिसला तर उलट दिशेला जातात. सायकलीच्या चाकाची चाकोरी मोटारीच्या मानानें उथळ असते हें खरें. पण तळहाताहून लहान जिवाला उथळ काय आणि खोल काय! गृहस्थ शहाणे होते. त्यांनीं सायकल झाडाला टेकवली आणि ते अनवाणी चालत गेले.

आतां पाण्याची गोष्ट. गुहागरच्या पुढें एका लहानशा गांवांत आमचा मुक्काम होता. घर वाडीच्या मधोमध, अंगण सारवलेलें, मागें विहीर. घरच्या काकू, त्यांचे यजमान आणि सून अशीं तीन माणसें पाहुण्यांचें सारें करीत. आम्ही पोंचलों तेव्हां माणसांच्या अंगावर मीठ आणि सायकलींवर वाळू होती. मंडळींनीं आंघोळी केल्या. नंतर पंपाची नळी घेऊन सायकली धुतल्या. रात्रीं जेवण्यापूर्वीं उकाडा झाला म्हणून पुन्हां आंघोळी. माणशीं दोन वेळां दोन दोन बादल्या धरल्या, आणि बादली पंधरा लिटरची धरली, तरी आंघोळीचेंच पाणी ४८० लिटर होतें, सायकलींचें निराळें. जेवणें चाललीं असतां पंपाचा आवाज बदलला, थोडा घरघरला आणि थांबला. काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं आम्हांला दुसऱ्यांदा भात वाढला.

पहाटे माझा भाचा साखळीला तेल घालण्यासाठीं उठला होता. त्याला अंगणांत काकू आणि त्यांची सून वरच्या वाडींतून उतरतांना दिसल्या. दोघींच्या कमरेवर कळशा होत्या. आमच्या चहाचें आणि तोंड धुण्याचें पाणी त्या शेजाऱ्यांच्या विहिरीवरून आणीत होत्या, आणि ही त्यांची तिसरी खेप होती. भाच्यानें तेलाची बाटली तशीच टाकली आणि पुढें होऊन कळशी घेतली.

"काकू, काल सांगायचं नाहीं का? आम्ही सायकली धुतल्या नसत्या."

"पाहुण्याला पाणी जपून वापर म्हणून सांगायचं?" काकू म्हणाल्या, "तें कसं जमेल, बाबा? तुम्ही लांबून आलांत."

कोंकणांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हें आपण शाळेंत शिकतों, आणि त्यामुळें तेथें पाण्याचा तुटवडा असेल हें आपल्या मनांतहि येत नाहीं. पण तो पाऊस चार महिन्यांत पडतो आणि जांभा दगडांतून व उतारावरून बराचसा समुद्राला जाऊन मिळतो. फाल्गुन संपतांना विहिरींचे तळ दिसूं लागतात. किनाऱ्याजवळ तर आणखी एक धोका असतो. जमिनीखालीं गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. वरून उपसा वाढला कीं खालचें खारें पाणी वर सरकतें आणि विहीर मचूळ होते. एकदां मचूळ झालेलें पाणी गोडें व्हावयास पुढचा पावसाळा यावा लागतो, आणि तेवढ्यानें होईलच असेंहि नाहीं. नारळ तें कसेंबसें पितो. माणसाला आणि गाईला तें चालत नाहीं. आमच्या मुक्कामाचे पैसे काकूंच्या हातीं पडले. परंतु त्या रकमेंत विहिरीचा हिशेब कोणीं धरलेला नव्हता. त्यांनींहि नाहीं आणि आम्हींहि नाहीं.

मला या साऱ्या प्रकरणांत जी गोष्ट लागली ती ही कीं, यजमानाला नाहीं म्हणतां येत नाहीं. आपल्याकडे पाणी मागणाऱ्याला नाहीं म्हणण्याची भाषाच नाहीं. मोटारींतून येणाऱ्यांकडे कोंकणांतला मनुष्य थोडा सावधपणें पाहूं लागला आहे. सायकलवाल्याकडे मात्र तो अजून कौतुकानें पाहतो. "इतक्या लांबून पायांनीं आलात!" असें म्हणून तो आपल्या घरांतलें उत्तम तें पुढें करतो. सायकलीच्या पुण्याईवर आपल्याला हें आतिथ्य मिळतें, आणि म्हणूनच मागण्यापूर्वीं विचार करण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. जो नाहीं म्हणूं शकत नाहीं, त्याच्याकडे मागतांना मागणाऱ्यानेंच मोजून मागावें.

त्या दिवसापासून आमचे नियम बदलले, आणि ते कोणीं कोणावर लादले नाहींत. सायकली फडक्यानें पुसूं लागलों. वाळलेली वाळू ब्रशानें झटकली तर साखळी पाण्यापेक्षां चांगली राहते, हा शोधहि लागला. साखळी रॉकेलनें धुवावयाची तर तें रॉकेल विहिरीजवळच्या मातींत न ओततां बाटलींत भरून परत न्यावयाचें ठरलें. आंघोळ एक, बादली एक. जेवणांत पनीर आणि सिमला मिरची यांची चौकशी बंद झाली. घरांत जें रांधलें असेल तें पानांत आलें, आणि तें पुष्कळच चांगलें होतें.

यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं, जाऊंच नये. न जाणें हें सर्वांत कमी उपद्रवाचें खरें, पण त्यांत काकूंचाहि तोटा आहे. मोटार मुंबईहून निघते ती मोठ्या हॉटेलाशींच थांबते. सायकलवाला दर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबतो, येथें कोकमसरबत घेतो, तेथें केळीं घेतो, आणि जीं गांवें एरवीं कोणाच्या नकाशावर नसतात त्यांत मुक्काम करतो. त्याचा पैसा लहान लहान हातांत पडतो. प्रश्न जाण्याचा नाहीं. कसें जावें, केव्हां जावें, आणि कोणाला पुसून जावें, हा आहे.

परत येतांना आम्ही रत्नागिरीहून आगगाडीनें आलों. २६ जानेवारी १९९८ या दिवशीं कोंकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि २०२२ सालीं तिचें विद्युतीकरण पुरें झालें. आपल्याकडची वीज बरीचशी अद्याप कोळशाची आहे हें मी विसरत नाहीं. पण ती गाडी आमच्यासाठीं म्हणून निघालेली नव्हती, आणि शेंकडों माणसांत वांटला गेलेला भार दर माणशीं थोडाच असतो. सायकली पार्सल कचेरींत नोंदवाव्या लागतात. तेथील कारकुनानें आठ सायकली पाहून प्रथम चष्मा काढला, पुसला, पुन्हां लावला, आणि मग एक एक अर्ज आमच्यापुढें ठेवला. चिठ्ठ्या बांधा, गोणपाट गुंडाळा, जागा असेल तर त्याच गाडीनें जातील. या सगळ्यांत दोन तास गेले. टेम्पोवाल्यानें हें काम दहा मिनिटांत केलें असतें, हें कोणीतरी बोलून दाखविलेंच. त्याला उत्तर म्हणून भाच्यानें खिशांतून ती लग्नपत्रिका काढली. ती त्यानें जपून ठेवली होती हें मला तेव्हां कळलें.

गाडींत पुढच्या वर्षाचे बेत सुरू झाले. मंडळींना मनालीहून लेहला सायकलीनें जावयाचें आहे. जातांना दिल्लीपर्यंत विमान, येतांना लेहहून विमान. पत्रिकेच्या उरलेल्या जागेंत मीं आणखी एक हिशेब मांडला. मुंबईहून लेह दिल्लीमार्गें हवेंतून सुमारें १,७५० किलोमीटर. माणशीं किलोमीटरला शंभर ग्रॅम एवढाच धूर धरला तरी एका बाजूचे १७५ किलो होतात. ज्या टेम्पोला आम्हीं रजा दिली, त्यानें दहा माणसांसाठीं सोडला असता त्याहूनहि हें अधिक, आणि तें एका माणसाचें! शिवाय लेहला वर्षाला पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. तेथील लोक बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर शेती करतात, आणि त्यांच्या जुन्या घरांतलीं शौचकूपें पाण्यावांचून चालणारीं, खत देणारीं असत. तेथें पाहुण्याच्या सवयींसाठीं पाण्याचे नळ सोडावे लागले, तर त्यांची काकू कोणत्या वाडीवरून कळशी आणणार?

"मग काय, हिमालय बघायचाच नाहीं का मामा?" भाच्यानें विचारलें. त्याच्या स्वरांत राग नव्हता, पण दुःख होतें. आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं हिमालयाकडे पाठ फिरवा असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. मीं त्याला म्हटलें, "बघ. पण दर वर्षीं नऊ दिवसांसाठीं जाण्यापेक्षां एकदांच जा आणि महिनाभर राहा. जातांना-येतांना आगगाडीनें आणि एस. टी.सारख्या गाडीनें जा. मधल्या वर्षांत घराच्या उंबरठ्यावरून निघ. वसईहून डहाणूपर्यंतचा किनारा तूं कोठें पाहिला आहेस?" तो यावर कांहीं बोलला नाहीं. महिन्याची रजा मिळत नाहीं, ही त्याची अडचण खरी आहे. तिच्यावर माझ्यापाशीं उपाय नाहीं.

लेहचें काय ठरलें तें मला अजून कळलेलें नाहीं. पण परवां तो आमच्याकडे आला होता तेव्हां त्यानें गुहागरच्या त्या काकूंना फोन लावला. पुन्हां यावें असें त्यांच्या मनांत आहे. दर किती आणि खोल्या किती हें त्यानें विचारलें नाहीं. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यांपर्यंत नीट असतें, एवढेंच त्यानें विचारलें. काकू क्षणभर थांबल्या असाव्या. मग त्यांनीं सांगितलें, "मार्गशीर्षांत या. तेव्हां हातानं काढतां येईल इतकं वर असतं."